ठाण्यातून आगरातला पंप चालू करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरजवळच्या घरी आई-बाबा दोघेच राहतात, बाबांचं वय ७४. नारळ-सुपारीच्या आगराला दिवसाआड शिंपण लागतं, विहिरीवर एक एचपीचा मोनोब्लॉक पंप आहे आणि तो लावायला-बंद करायला बाबांना मागीलदारातून घसरड्या पाखाडीने खाली जावं लागतं. मुलाने १६ अँपिअरचे चार स्मार्ट प्लग आणि एक रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) विकत घेतला आहे. पंप, बाहेरचे दिवे, गीझर आणि आमरसाचा डीप फ्रीझर हे सगळं त्यावर घालून ठाण्यातून चालवायचा विचार आहे. पंप सात अँपिअर घेतो, प्लगवर १६ लिहिलंय, मग थेट लावायला हरकत काय?

मी याच पट्ट्यात बावीस वर्षं वायरिंगची आणि पंपांची कामं करतो. गेली सात-आठ वर्षं असे प्लग आणि छोटे संगणकही बसवतो. तुमचा हेतू मला मनापासून पटला. पाखाडीवरून पडून खुब्याचं हाड मोडलेली माणसं मी पाहिली आहेत. पण पंप थेट प्लगवर लावू नका.

पंप चालू असताना सात अँपिअर घेतो हे बरोबर. सुरू होण्याच्या क्षणी मात्र तो त्याच्या पाच ते सात पट ओढतो, म्हणजे ३५ ते ५० अँपिअर. प्लगमधला रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, आगपेटीहून लहान असतो. त्याच्यावरचा १६ चा आकडा हीटरसारख्या भाराचा आहे, मोटारीचा नाही. मोटार सुरू होताना आणि बंद होतानाही त्याच्या इवल्याशा टाचांवर (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) ठिणगी पडते, टाचा थोड्या थोड्या वितळतात आणि एक दिवस एकमेकींना चिकटतात. घातक भाग पुढे आहे. चिकटलेला रिले पंप चालू ठेवतो, बंद नाही. फोनवर ‘बंद’ दिसतं आणि विहिरीवर पंप धावत असतो. सुरुवातीच्या वर्षात मी स्वतः अर्ध्या एचपीचा पंप असा थेट लावला होता. तिसऱ्या महिन्यात प्लग चिकटला, रात्रभर टाकीवरून पाणी वाहिलं, विहीर तळाला गेली, पंप कोरडा फिरला आणि सकाळी त्याचं सील जळालेलं मिळालं.

यावर उपाय जुना आणि साधा आहे: मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीसाठीचा दणकट रिले, घाला. प्लगने फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज द्यायची, ती काही वॉटच घेते, आणि मोटारीचा सगळा मार कॉन्टॅक्टरच्या जाड टाचांनी सोसायचा. घेताना त्यावर ‘एसी-३’ या वर्गाचा आकडा बघा, मोटारीसाठी तोच खरा. ‘एसी-१’चा आकडा मोठा दिसतो, पण तो हीटरचा. एक एचपीला एसी-३ चा ९ अँपिअर पुरतो, मी १२ चा बसवतो. सोबत जास्त भार आला की मोटार तोडणारा ओव्हरलोड रिले हवा, आणि कॉइलवर एक छोटा स्नबर, म्हणजे कॉइल सुटताना येणारा विजेचा झटका प्लगच्या रिलेवर जात नाही. हे सगळं प्लास्टिकच्या बंद डब्यात, परवानाधारक वायरमनकडून. तुमच्याकडे मोनोब्लॉक आहे म्हणून हे सोपं आहे. सबमर्सिबल असता तर त्याच्या पॅनलमधल्या स्टार्ट बटणाचं आणि कपॅसिटरचं गणित वेगळं पडलं असतं.

आता आपल्याकडचं व्होल्टेज. फीडरच्या टोकाच्या वाड्यांवर संध्याकाळी १८० व्होल्ट मी कितीदा मोजले आहेत. २३० ची कॉइल साधारण ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १९५ व्होल्टपर्यंत नीट ओढून धरते. त्याखाली ती धड धरत नाही, धड सोडत नाही, कडकड वाजत राहते, आणि त्या कडकडीत टाचाही जळतात आणि मोटारही. म्हणून व्होल्टेज कमी-जास्त झालं की तोडणारा संरक्षक रिले याच डब्यात घाला. व्होल्टेज परत आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून मगच जोडणारा असेल तर उत्तम.

प्लगला वीज कुठून द्यायची, हा प्रश्न फार थोडे विचारतात. पंपाच्याच लायनीवरून, त्याच आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि त्याच आयसोलेटरच्या (वीज पूर्ण तोडणाऱ्या स्विचच्या) पुढून द्या. इन्व्हर्टरच्या लायनीवरून अजिबात नको. इन्व्हर्टरवर घेतलात तर पंपाचा मेन पाडला तरी डब्यात कॉइलची वीज जिवंत राहते आणि हात घालणाऱ्याला ती दिसत नाही. शिवाय पुरवठा गेला तरी कॉन्टॅक्टर धरूनच राहतो, आणि तो परत येताक्षणी, व्होल्टेज अजून वर-खाली नाचत असताना, पंप एकदम सुटतो.

इथे माझ्या सगळ्या सांगण्याचं मूळ आहे. प्रत्येक उपकरणासाठी आधी ठरवा की वीज गेली, नेट गेलं, पाय गोठला किंवा राऊटर जळला तर ते कुठल्या अवस्थेत राहायला हवं. आणि ती अवस्था राखण्याचं काम उपकरणाच्या जितक्या जवळच्या वस्तूकडे देता येईल तितकं द्या. पाय हा सांगणारा असावा, सांभाळणारा नाही. पायने पंप लावला आणि बंद करण्याआधीच त्याचं मेमरी कार्ड बिघडलं, तर पंप कोण थांबवणार? म्हणून वेळेची मर्यादा प्लगच्या आतच असली पाहिजे. टास्मोटा (प्लगच्या आत घालायचं सॉफ्टवेअर) घातलेल्या प्लगमध्ये ‘पल्सटाइम’ नावाची सोय आहे. ११२ पासून पुढचे आकडे सेकंदांत मोजले जातात, त्यात १०० मिळवून लिहायचे. तुमच्या आगराला ४० मिनिटं पाणी पुरतं असं धरलं तर २४०० सेकंद अधिक १००, म्हणजे २५०० लिहा. मग ठाण्यातून कुणी लावो, पायने लावो की प्लगचं बटण दाबून लावो, ४० मिनिटांनी प्लग आपणहून बंद होतो, नेट असो वा नसो. त्याच प्लगमध्ये ‘पॉवरऑनस्टेट’ शून्यावर ठेवा. वीज गेली, आली, तरी पंप बंदच राहील. तयार ॲपच्या प्लगमध्येही ही दुसरी सोय बहुधा सापडते. पण बऱ्याच जणांकडे ती ‘आधी होता तसा’ यावर राहून गेलेली मी पाहिली आहे. पंपाच्या बाबतीत ती चुकीची आहे.

कोरड्या पंपाबद्दलही सांगतो, कारण मार्च-एप्रिलनंतर आपल्या विहिरी उतरतात. पंपाने पाणी सोडलं, म्हणजे पाणी उचलणं थांबलं, की तो कमी वीज ओढतो, त्यावरून ओळखता येतं. पण प्लग फक्त कॉइल चालवत असेल तर प्लगचं मीटर कॉइलचे वॉट दाखवेल, पंपाचे नाही. हे लक्षात न आल्याने एकाने आठ दिवस आकडे बघत बसून काही कळत नाही म्हणून मला बोलावलं होतं. पंपाच्या वायरवर वेगळी सीटी (करंट मोजणारं कडं) लावून मोजता येतं. मी मात्र कोरडं चालणं थांबवणारा तयार रिले डब्यातच बसवतो. त्याला संगणक लागत नाही, नेट लागत नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं ते. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका आगरात पंपाने पाणी सोडलं म्हणून मी गेलो होतो. गडी विहिरीत उतरून फूट वॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) साफ करत होता. मी वर मोटारीचं मागचं झाकण काढून पंखा हाताने फिरवून पाहत होतो, कारण पंप जामही वाटत होता. प्लग बंद दिसत होता, म्हणून मी मेन पाडला नव्हता. ती चूक माझी. टाकी रिकामी दिसली म्हणून मुंबईतल्या मुलाने फोनवरून पंप लावला. माझा हात नुकताच बाहेर आला होता. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. त्या मुलाची त्यात काही चूक नव्हती, त्याला विहीर दिसत नव्हती. ठाण्यातून तुम्हालाही दिसणार नाही.

तेव्हापासून मी दोन गोष्टींशिवाय पंप दूरवरून चालवायला देत नाही. एक, विहिरीपाशी पाणी न शिरणाऱ्या डब्यात आयसोलेटर, कुलूप लावता येईल असा. पंपाला हात लावणाऱ्याने तो पाडायचा, कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. दुसरी, घराच्या पडवीत तीन जागांचा सिलेक्टर स्विच: ‘हाताने’, ‘बंद’, ‘दुरून’. ‘हाताने’वर ठेवला की प्लग, पाय, नेट सगळं बाजूला राहतं आणि बाबा पूर्वीसारखा पंप लावू शकतात, तेही पाखाडी न उतरता. ‘बंद’वर असताना तुम्ही ठाण्यातून कितीही दाबलं तरी पंप लागणार नाही. मात्र सिलेक्टर फक्त कॉइलची वाट तोडतो. पंप उघडायचा असेल तर आयसोलेटरच पाडायला हवा. याशिवाय पंप दुरून लागण्याआधी पंधरा सेकंद भोंगा वाजेल अशी व्यवस्था होम असिस्टंटमध्ये (पायवरच्या, घरातली उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) करा. तुमच्याकडचा दुसरा प्लग त्या कामी येईल. विहिरीवर कपडे धुणाऱ्या बाईला किंवा झापं गोळा करणाऱ्या गड्याला तेवढा इशारा मिळायलाच हवा.

अर्थिंगकडे येतो. कोकणातल्या जांभ्यात अर्थिंग चांगलं लागत नाही. खड्ड्यात कोळसा-मीठ घातलं तरी एप्रिल-मेमध्ये कातळ सुकतो आणि रोध वाढतो. समजा तुमच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि पंपाच्या बॉडीला फेज लागला. २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर पडणारच नाही, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसासाठी ती बॉडी जिवंत राहील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र तीन शतांश अँपिअर गळतीलाच पडतो, त्याला अर्थिंगचा रोध शेकडो ओहम असला तरी चालतं. तरीही अर्थिंग सोडू नका, उन्हाळ्यात आठवड्याला एक कळशी पाणी खड्ड्यात ओता. आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. खाऱ्या हवेत त्याची यंत्रणाही अडकते. प्लगांवर पैसे घालण्याआधी या एका वस्तूवर घाला.

खारी हवा प्लगलाही सोडत नाही. समुद्राजवळच्या घरांत सॉकेटच्या पितळी पट्ट्यांवर वर्षा-दोन वर्षांत हिरवट गंज चढतो, पकड सैल होते आणि तिथे उष्णता साठते. म्हणून गीझरचं उत्तर नकारार्थी आहे. दोन हजार वॉटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, तीन हजारांचा १३, आणि तेही सलग. नव्या कोऱ्या सॉकेटमध्ये चांगला प्लग तेवढं सोसेल, पण तुमच्या घरातलं सॉकेट कधीचं आहे? अर्धा तास गीझर चालवून, वीज बंद करून, पिन काढा आणि हाताला किती तापलीय ते पाहा. हात ठेवता येत नसेल तर ते सॉकेट आज बदला, प्लग असो वा नसो. गीझरला त्याचा स्वतःचा डबल पोल स्विच द्या आणि त्याला माणसाच्या हाताखाली राहू द्या. इस्त्री आणि पाण्यात बुडवायचा रॉड यांच्याबाबत तर विचारही करू नका.

फ्रीझरला प्लग लावा, पण त्याला बंद करण्याचा अधिकार कुणालाच देऊ नका. होम असिस्टंटमध्ये त्याचं बटण पडद्यावरून काढून टाका आणि फक्त वॉट बघा. वीज आल्यावर तो चालूच व्हायला हवा, म्हणजे इथे ‘पॉवरऑनस्टेट’ १. वॉट बराच वेळ शून्य राहिले की तुम्हाला निरोप येईल आणि तुम्ही शेजारच्या काकूंना फोन करू शकाल. वर्षभराचा आमरस आणि सुरमई त्यात असते, हे मला ठाऊक आहे.

दिवे मात्र निर्धास्त प्लगवर घाला. होम असिस्टंटला गावाचे अक्षांश-रेखांश दिले की सूर्यास्त तो स्वतः काढतो. मागीलदारचा आणि गोठ्याकडचा दिवा अंधार पडताच लागला की जनावरांची भीती निम्मी होते. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात आई-बाबांना सगळ्यात जास्त सुख देणारी गोष्ट हीच आहे. सुरुवात इथून करा. पंप नंतर.

आता पायबद्दल. काही जण प्लग न घेता पायच्या पिनांना निळे रिले बोर्ड जोडून २३० व्होल्ट चालवतात. तुम्ही प्लग घेतलेत हे चांगलं केलंत. त्या बोर्डांवर फेजच्या उघड्या पट्ट्या आणि पायच्या ३.३ व्होल्टच्या वायरी अगदी शेजारी असतात, वर आपली दमट हवा आणि बोर्डवर फिरणाऱ्या मुंग्या. उघडा बोर्ड घरात नको. तसंच प्लग उघडून आत टास्मोटा घालायचा असेल तर त्या वेळी तो भिंतीच्या विजेला जोडलेला नसलाच पाहिजे, कारण आतली पट्टी मेनपासून वेगळी केलेली नसते. तिचा ‘ग्राउंड’ फेजवर असू शकतो. संगणक जाईल, कदाचित माणूसही. अलीकडच्या पुष्कळ प्लगांत टास्मोटाला लागणारी ईएसपी चिप नसतेही, तेव्हा विकत घेतलेले प्लग आधी तपासा. नेटशिवाय चालत नसतील तर पंपाच्या कामाला ते वापरू नका. झिग्बीचे (वायफायऐवजी स्वतःच्या रेडिओ जाळ्यावर बोलणारे) प्लग आणि पायला लावायचा छोटा डोंगल हा चांगला पर्याय आहे, विजेवर चालणारा प्रत्येक झिग्बी प्लग पुढच्याला संदेश पोचवतो. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय दोन खोल्यांतच दमतं, तिथे याचा उपयोग होतो. डोंगल मात्र हातभर लांब यूएसबी वायरवर ठेवा. पायच्या यूएसबी ३ च्या शेजारी त्याला नीट ऐकू येत नाही.

पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नाही. रात्री वीज गेली, पाय बंद पडला, पहाटे वीज आली पण नेट आलं नाही, तर तो जुन्याच वेळेपासून मोजायला लागतो आणि सूर्यास्ताचे दिवे भलत्या वेळी लागतात. डीएस३२३१ नावाचं घड्याळाचं छोटं मॉड्यूल बसवा. मेमरी कार्डाऐवजी एसएसडी लावा, पावसाळ्यात दिवसातून दहादा वीज गेली की कार्ड टिकत नाही. पाय, राऊटर आणि फायबरचा डबा असे तिघेही इन्व्हर्टरवर घ्या. घरी पोचण्यासाठी राऊटरवर पोर्ट उघडू नका, वायरगार्डसारखी व्हीपीएनची बंद वाट वापरा.

वीज कडाडायला लागली, वळवाचा असो की परतीचा पाऊस, की बाबांना प्लग आणि राऊटरच्या पिना काढायला सांगा. डीबीत (घराच्या मुख्य वीज-डब्यात) सर्ज अरेस्टर (विजेचा लोंढा अडवणारा) बसवाच, पण जवळ पडलेल्या विजेपुढे काढलेली पिन जास्त खात्रीची. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा जनरेटर आणून पंप लावणाऱ्यांना ‘हाताने’वरचा स्विच किती मोलाचा होता ते मी पाहिलं. असे स्विच तोवर दोनच घरांत बसवले होते. त्यानंतर प्रत्येक घरात बसवतो.

सगळं जोडून झालं की तुम्ही स्वतः दोन दिवस गावी या. पंप चालू असताना पायची वायर ओढा आणि ४० मिनिटांनी तो आपणहून थांबतो का ते घड्याळ लावून बघा. मग पंप चालू असताना घराचा मेन पाडा, पाच मिनिटांनी चढवा, पंप बंदच राहिला पाहिजे. मग राऊटर बंद करून बाबांना ‘हाताने’ पंप लावायला सांगा, तुम्ही काही बोलू नका, नुसते बघा. त्यांना जमलं नाही तर स्विचची जागा किंवा त्याच्यावरची अक्षरं बदला.

डबा जोडायला वायरमन येण्याआधी तीन फोटो काढून ठेवा: मोटारीवरच्या पत्र्याच्या पट्टीचा, म्हणजे अँपिअर आणि कपॅसिटर कळेल. डीबीचा, झाकण उघडून नव्हे, बाहेरूनच, म्हणजे आरसीसीबी आहे का ते दिसेल. आणि पंपाच्या सॉकेटचा. त्यांच्याबरोबर संध्याकाळी सात वाजता मोजलेलं व्होल्टेज लिहून पाठवलंत तर कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोडचा आकडा मी सांगतो.